शंभर तासांचे युद्ध, अकरा वर्षांचे वैर

खेळामुळे माणसे जवळ येतात, असे आपण शाळेच्या पहिल्या क्रीडादिनापासून ऐकत आलो आहोत. ते खोटे नाही. मात्र ते आपोआपही घडत नाही. दर चार वर्षांनी फुटबॉलचा विश्वचषक आला की घरोघरी रात्री जागवल्या जातात. ज्या देशांशी आपले ना नाते, ना व्यवहार, त्यांचे झेंडे मुलांच्या गालांवर रंगतात. ही हौस निर्मळ असते. परंतु 'आमचा संघ जिंकावा' या इच्छेतून 'ते लोक असेच असतात' या वाक्यापर्यंतचे अंतर फार थोडे असते. एकदा ते वाक्य तोंडी बसले, की पुढे जे घडते त्याला खेळ म्हणता येत नाही. मध्य अमेरिकेतील दोन छोट्या देशांनी हे अंतर १९६९ च्या उन्हाळ्यात पार केले आणि त्याची किंमत पुढे कित्येक वर्षे मोजली. जगाने त्या घटनेला 'फुटबॉल युद्ध' असे नाव दिले. नाव चटकदार असले तरी ते अर्धेच खरे आहे.

दोन शेजारी

होंडुरास आणि एल साल्वाडोर हे लागून असलेले देश. भाषा एक, स्पॅनिश. धर्म एक, कॅथलिक ख्रिस्ती. स्पेनच्या सत्तेखालचा इतिहासही एकच. दोघांचे स्वातंत्र्यही एकाच दिवसाचे, १५ सप्टेंबर १८२१ चे. फरक होता तो जमिनीचा आणि माणसांचा. होंडुरासचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख १२ हजार चौरस किलोमीटर, तर एल साल्वाडोरचे जेमतेम २१ हजार. उलट, त्या काळी होंडुरासची लोकसंख्या सुमारे २५ लाख होती, तर त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या एल साल्वाडोरात ३० लाखांहून अधिक माणसे राहत होती. तिथली उत्तम जमीन कॉफीच्या मळ्यांखाली आणि ते मळे मोजक्या घराण्यांच्या हाती.

ज्याला स्वतःच्या गावी जमीन नाही, तो शेजारच्या गावी जातो. विसाव्या शतकाच्या आरंभापासून साल्वाडोरी शेतकरी आणि मजूर सीमा ओलांडून होंडुरासला जात राहिले. कोणी केळीच्या मळ्यांवर राबले, कोणी पडीक रानात कुदळ चालवून शेती उभी केली, तर कोणी लहानसे दुकान थाटले. १९६९ पर्यंत त्यांची संख्या सुमारे ३ लाखांवर गेली होती. म्हणजे होंडुरासात राहणाऱ्या दर आठ माणसांमागे साधारण एक माणूस साल्वाडोरी होता. त्यांतील पुष्कळांची मुले तिथेच जन्मली होती. शेजाऱ्यांशी सोयरिकी झाल्या होत्या. कागदपत्रे मात्र बहुतेकांकडे नव्हती, कारण इतकी वर्षे ती कोणी मागितली नव्हती.

व्यापाराच्या बाजूनेही दोन्ही देश एकमेकांत गुंतले होते. डिसेंबर १९६० मध्ये ग्वाटेमाला, एल साल्वाडोर, होंडुरास आणि निकाराग्वा यांनी 'मध्य अमेरिकी सामायिक बाजारपेठ' स्थापन करणारा करार केला; पुढे कोस्टारिकाही त्यात आला. आपसांतील जकात बहुतांशी उठली आणि या देशांमधला व्यापार त्या दशकात अनेक पटींनी वाढला. तथापि, वाढलेला नफा सर्वांच्या वाट्याला सारखा आला नाही. कारखाने मुख्यतः ग्वाटेमाला आणि एल साल्वाडोर येथे उभे राहिले. होंडुरास त्यांचा तयार माल विकत घेई आणि स्वतः शेतमाल विकून तूट सोसत राही. बाजारात साल्वाडोरी माल, शेतात साल्वाडोरी माणूस, अशी भावना तिथे मूळ धरू लागली. भावना पूर्णपणे निराधार नव्हती. पण तिचा रोख चुकीच्या माणसावर वळवला गेला.

होंडुरासचे भूमिहीन शेतकरी तेव्हा जमिनीची मागणी करीत होते. मोठाले भूखंड बड्या जमीनदारांकडे आणि परदेशी फळ कंपन्यांकडे होते. जमीनदारांनी आपली संघटना बांधली आणि जमीन कमी पडण्याचे खापर स्थलांतरितांवर फोडले. सरकारलाही हे सोयीचे होते. १९६२ च्या जमीन सुधारणा कायद्यान्वये जमीन वाटायची ती जन्माने होंडुरासी असलेल्यांनाच, या तरतुदीची अंमलबजावणी जोराने सुरू झाली. दोन्ही देशांतील स्थलांतरविषयक कराराची मुदत १९६९ च्या आरंभी संपली, तेव्हा होंडुरासने त्याचे नूतनीकरण केले नाही. त्या वसंतात साल्वाडोरी कुटुंबांना जमिनी सोडून जाण्याच्या नोटिसा मिळू लागल्या. विल्यम डरहॅम या अभ्यासकाने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की या संघर्षाच्या मुळाशी माणसांची गर्दी तितकीशी नव्हती. जमीन थोड्या हातांत साचत गेली, हे खरे कारण होते. परंतु ही गोष्ट हिशेब मांडल्यावर कळते. चौकात ओरडायला 'ते आले आणि आमचे घेऊन गेले' एवढे वाक्य पुरते.

तीन सामने

याच जून महिन्यात १९७० च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत हे दोन देश समोरासमोर आले. तारखा आणि प्रतिस्पर्धी कोणी वैर मनात धरून ठरवले नव्हते. तो स्पर्धेच्या कार्यक्रमाचा योगायोग होता.

पहिला सामना ८ जून रोजी होंडुरासच्या राजधानीत, तेगुसिगाल्पात झाला. आदल्या रात्री पाहुण्या संघाच्या हॉटेलाभोवती जमाव गोळा झाला. खिडक्यांवर दगड आले. फटाके, डबे आणि मोटारींचे कर्णे पहाटेपर्यंत वाजत राहिले. पाहुण्यांना झोप मिळू नये, एवढाच त्यामागे उद्देश होता. दुसऱ्या दिवशी सामन्याच्या अगदी अखेरीस झालेल्या एका गोलाने होंडुरासने १-० असा विजय मिळवला.

आठवड्याने, १५ जूनला, परतीचा सामना सान साल्वाडोरमध्ये होता. तिथे उसने फेडायचे होते आणि ते व्याजासह फेडले गेले. होंडुरासच्या खेळाडूंच्या हॉटेलावर सडकी अंडी आणि घाण फेकली गेली. खेळाडूंना सैन्याच्या बंदोबस्तात मैदानावर न्यावे लागले. त्यांच्या राष्ट्रध्वजाची विटंबना झाली. एल साल्वाडोरने सामना ३-० असा जिंकला. आपण हरलो हेच आपले नशीब, अशा आशयाचे उद्गार होंडुरासच्या प्रशिक्षकांनी नंतर काढले. खेळाडू सुखरूप निघाले. त्यांच्या पाठीराख्यांना तेवढे भाग्य लाभले नाही. त्यांना रस्त्यांवर मारहाण झाली, मोटारी जाळल्या गेल्या.

त्या मारहाणीच्या बातम्या होंडुरासला पोहोचल्या त्या वाढून, फुगून. दोन्ही देशांची वृत्तपत्रे आणि नभोवाणी केंद्रे एकमेकांच्या लोकांविषयी जे छापत आणि बोलत होती, त्याला बातमी म्हणणे कठीण आहे. होंडुरासात साल्वाडोरी माणसांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ले सुरू झाले. 'मांचा ब्रावा' नावाच्या टोळीचे नाव त्यात पुढे आले. ज्या दुकानात वर्षानुवर्षे उधारीवर मीठ-मका नेला, त्याच दुकानाच्या फळ्या शेजाऱ्यांनी फोडल्या. डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल घेऊन हजारो कुटुंबे सीमेकडे निघाली. फुटबॉलचा चेंडू त्यांच्यापैकी बहुतेकांनी पाहिलाही नसेल.

तेव्हाच्या नियमानुसार दोन सामन्यांतील गोलांची बेरीज धरली जात नसे. प्रत्येकाने एकेक सामना जिंकला, म्हणून निर्णायक सामना तटस्थ भूमीवर, मेक्सिको सिटीच्या आझ्टेका मैदानात जूनच्या अखेरीस ठेवण्यात आला. त्याच सुमारास एल साल्वाडोरने होंडुरासशी राजनैतिक संबंध तोडले होते. ठरलेल्या वेळेत २-२ अशी बरोबरी झाली. जादा वेळेत मौरिसिओ रोद्रिगेस या साल्वाडोरी खेळाडूने विजयी गोल केला. बऱ्याच वर्षांनी या रोद्रिगेस यांनी मुलाखतीत सांगितले, की त्या गोलाचा आपल्याला खेळाडू म्हणून अभिमान आहे. पण राज्यकर्त्यांनी त्या विजयाचा स्वतःसाठी वापर करून घेतला. दोन्ही संघांतील खेळाडूंच्या मनांत एकमेकांविषयी वैर नव्हते, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. मैदानावर धावणाऱ्या बावीस जणांमध्ये जे वैर नव्हते, ते बाहेर ओरडणाऱ्या हजारोंमध्ये होते.

शंभर तास

१४ जुलै १९६९ च्या संध्याकाळी साल्वाडोरी विमानांनी तेगुसिगाल्पाच्या तोंकोंतिन विमानतळावर आणि अन्य ठिकाणी बाँब टाकले. पाठोपाठ सैन्य सीमेपार घुसले आणि नुएव्हा ओकोतेपेके हे गाव त्यांच्या ताब्यात गेले. होंडुरासच्या विमानांनी साल्वाडोरी तेलसाठ्यांवर प्रतिहल्ला केला. दोघांकडेही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील पंख्याची जुनी विमाने होती. तशा लढाऊ विमानांची आकाशात झालेली जगातील शेवटची झुंज याच युद्धातली मानली जाते. अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेने मध्यस्थी केली आणि १८ जुलैच्या रात्री युद्धविराम ठरला. सुमारे शंभर तासांत लढाई संपली. साल्वाडोरी फौजा ऑगस्टच्या आरंभी मागे गेल्या.

मृतांचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात. बहुतेक अंदाज दोन ते तीन हजारांच्या दरम्यान आहेत आणि त्यांतील बहुसंख्य हे सीमेलगतचे साधे होंडुरासी नागरिक होते. होंडुरासमधून परत लोटल्या गेलेल्या साल्वाडोरी लोकांची संख्या साठ हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत सांगितली जाते.

ताळेबंद

कोणत्याही व्यवहाराचा हिशेब वर्षाअखेरीस मांडावा लागतो. या व्यवहाराचा मांडला, तर जमेच्या बाजूला काय दिसते?

एल साल्वाडोरने पुढे हैतीलाही हरवून १९७० च्या विश्वचषकात प्रवेश मिळवला. तिथे त्यांनी तीन सामने खेळले आणि तिन्ही गमावले. नऊ गोल पत्करले. स्वतः एकही केला नाही. ज्या मानासाठी एवढे सारे झाले, त्याची जमा शून्य.

नावेची बाजू मात्र लांबलचक आहे. होंडुरासने साल्वाडोरी मालाला आपल्या हद्दीतील पॅन-अमेरिकन महामार्ग बंद केला. एल साल्वाडोरचा निकाराग्वा आणि कोस्टारिकाकडे जाणारा जमिनीवरचा मार्ग होंडुरासमधूनच जात असल्याने ते दोन बाजारही त्याच्यापासून तुटले. १९७० च्या अखेरीस होंडुरास सामायिक बाजारपेठेतूनच बाहेर पडला. दहा वर्षांत खटपटीने उभारलेली व्यवस्था खिळखिळी झाली ती पुन्हा पूर्वीसारखी कधी सावरली नाही. कारखानदाराने ग्राहक गमावला, ग्राहकाने स्वस्त माल गमावला, आणि सीमेवरच्या हमालापासून ट्रकमालकापर्यंत सर्वांनी रोजी गमावली. एका बाजूची हानी ही दुसऱ्या बाजूचा नफा ठरली नाही.

त्याहून जड नोंद पुढची आहे. परतलेल्या हजारो कुटुंबांना एल साल्वाडोरात ना जमीन होती, ना काम. आधीच तापलेल्या त्या देशात ही भर पडली. १९८० च्या सुमारास तिथे जे यादवी युद्ध पेटले, ते १९९२ पर्यंत चालले आणि त्यात सुमारे ७५ हजार माणसे मेली. त्या यादवीची कारणे अनेक होती. परंतु होंडुरासकडे जाणारी वाट बंद होणे हे त्यांपैकी एक, असे इतिहासकार मानतात.

दोन्ही देशांचा शांतता करार झाला तो ३० ऑक्टोबर १९८० रोजी, पेरूची राजधानी लिमा येथे. म्हणजे शंभर तासांच्या लढाईनंतर अकरा वर्षांनी. सीमेवरील सहा वादग्रस्त भूभागांचा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सोपवला गेला आणि त्याचा निकाल लागला ११ सप्टेंबर १९९२ रोजी. भांडण उभे करायला तीन आठवडे पुरले होते. मिटवायला तेवीस वर्षे लागली.

म्हणून 'फुटबॉल युद्ध' हे नाव अर्धेच खरे. युद्ध फुटबॉलमुळे झाले नाही. जमीन, रोजगार, तुटीचा व्यापार आणि राज्यकर्त्यांची सोय यांचा दारूगोळा आधीच साठवलेला होता. फुटबॉलने ठिणगी दिली. पण ठिणगी निरुपद्रवी असते असेही कोणी म्हणू नये. खेळाच्या मैदानात तीस-चाळीस हजार माणसे एका सुरात ओरडतात, तेव्हा एकट्याने उच्चारायला संकोच वाटेल असे शब्द प्रत्येकाच्या तोंडून सहज निघतात. मग तेच शब्द मैदानाबाहेरही लाज न वाटता वापरता येतात.

रोमची उधारी तुरीनकडून

हे केवळ गरीब आणि छोट्या देशांत घडते, असे समजणाऱ्यांनी युरोपकडे पाहावे.

१९८४ साली युरोपीय चषकाचा अंतिम सामना रोममध्ये झाला. लिव्हरपूलने रोमा संघाला त्याच्याच मैदानावर हरवले. सामन्यानंतर रोमाच्या चिडलेल्या चाहत्यांनी इंग्रज प्रेक्षकांवर शहरात हल्ले केले. अनेक जण जखमी झाले. पुढच्या वर्षी लिव्हरपूलची गाठ पुन्हा इटालियन संघाशी पडली, ती तुरीनच्या युव्हेंटसशी. २९ मे १९८५ रोजी बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्स येथील हेझेल मैदानावर अंतिम सामना होता. रोमच्या मारहाणीशी तुरीनच्या माणसांचा काही संबंध नव्हता. तथापि, 'इटालियन' या एका शब्दात दोघेही बसत होते. रोमच्या खात्यावरची उधारी तुरीनच्या खात्यावरून वसूल करण्याची भाषा काही इंग्रज चाहत्यांमध्ये आधीपासून ऐकू येत होती.

मैदान १९३० सालचे, डागडुजीअभावी जीर्ण झालेले. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना लागून 'झेड' नावाचा विभाग तटस्थ प्रेक्षकांसाठी ठेवला होता. पण त्याची बरीच तिकिटे बेल्जियममध्ये स्थायिक झालेल्या इटालियन कुटुंबांच्या हाती गेली. दोन गटांमध्ये होती तारेची कमकुवत जाळी आणि मोजके पोलीस. सामना सुरू होण्यापूर्वी तासभर इंग्रज चाहत्यांच्या जमावाने जाळी मोडून चाल केली. घाबरलेली माणसे कडेच्या भिंतीकडे दाटली. काही चिरडली गेली. मग भिंत कोसळली. ३९ माणसे मेली: ३२ इटालियन, ४ बेल्जियन, २ फ्रेंच आणि १ उत्तर आयर्लंडचा. सुमारे ६०० जखमी झाले. सर्वांत लहान मृत मुलगा अकरा वर्षांचा होता. आणखी दंगल उसळू नये म्हणून त्याच संध्याकाळी, प्रेते बाजूला असतानाच, सामना खेळवण्यात आला. युव्हेंटस १-० असा जिंकला.

मृतांच्या यादीतील राष्ट्रांची नावे पुन्हा वाचावीत. चाल 'इटालियनां'वर केली होती. परंतु चिरडणाऱ्या गर्दीने कोणाचे पारपत्र तपासले नाही.

इंग्लंडच्या सर्व क्लबांवर युरोपीय स्पर्धांची बंदी आली. इतरांसाठी ती पाच वर्षे टिकली, लिव्हरपूलसाठी सहा. १९८९ साली लिव्हरपूलच्या १४ चाहत्यांना सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेचा एक पदाधिकारी आणि एक पोलीस अधिकारी हेही दोषी ठरले. दोष जमावाचा होताच; पण पडक्या मैदानावर सामना ठेवणाऱ्यांचा आणि तिकिटांची व्यवस्था ढिसाळ ठेवणाऱ्यांचाही होता.

संशयाची जाळी

पूर्वग्रहाचा आणखी एक प्रकार आहे आणि तो जास्त फसवा आहे. काही जण दंगेखोर निघाले, की सर्वांनाच दंगेखोर समजणे. इंग्लंडने त्या काळात प्रेक्षकांभोवती लोखंडी जाळ्यांचे उंच कुंपण उभारले होते. प्रेक्षक हा पाहुणा नसून कैदी आहे, अशी ती रचना होती. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा सामना होता. पोलिसांनी बाहेरची गर्दी आत सोडताना एक मोठे दार उघडले. पण आतील भरलेल्या कप्प्यांकडे जाणारा बोगदा बंद केला नाही. पुढची माणसे जाळीवर चिरडली जात होती आणि बंदोबस्तावरील अधिकाऱ्यांना वाटले, दंगल सुरू झाली आहे. ९७ माणसांचा बळी गेला. त्यांतील शेवटच्याने मृत्यूशी ३२ वर्षे झुंज दिली.

पुढच्या काही दिवसांत पोलिसांनी सांगितले, की प्रेक्षकच दारू पिऊन आले होते. एका खपाच्या वृत्तपत्राने त्याहून हीन आरोप पहिल्या पानावर छापले. लोकांनी ते मानले, कारण लिव्हरपूलचे चाहते 'तसेच असतात' हे हेझेलपासून ठरून गेले होते. मृतांच्या आप्तांनी हार मानली नाही. तब्बल २७ वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, न्यायचौकशीच्या ज्यूरीने निर्णय दिला की मृत्यू बेकायदेशीर वधासमान होते आणि प्रेक्षकांचा त्यात दोष नव्हता. हेझेलच्या जमावाने सगळ्या इटालियनांना एका मापाने मोजले होते. पुढे सगळ्या लिव्हरपूलकरांना जगाने त्याच मापाने मोजले.

उपाय कशाने झाला

या दुःखातून काही शहाणपण मात्र निघाले. लॉर्ड टेलर यांच्या समितीचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला. त्यानुसार कुंपणे निघाली, मोठ्या मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकाला स्वतःची खुर्ची मिळाली. माणसाला बसायला जागा आणि जायला वाट दिली, की तो बहुधा माणसासारखा वागतो, हा अनुभव आला. ज्यांनी खरोखरच गुन्हे केले, त्यांच्यावर व्यक्तिशः बंदीचे न्यायालयीन आदेश निघू लागले. परदेशातील महत्त्वाच्या सामन्यांच्या काळात त्यांना पारपत्र जमा करावे लागते. म्हणजे शिक्षा जातीला किंवा शहराला नाही, नाव-पत्ता असलेल्या माणसाला. जर्मनीने १९८० च्या दशकापासून आणखी एक मार्ग धरला. तिथे चाहत्यांच्या तरुण गटांत समाजसेवक काम करतात, त्यांच्यासोबत प्रवासाला जातात, भांडण वाढण्यापूर्वी मध्ये पडतात.

रोग गेला असे मात्र म्हणता येत नाही. ११ जुलै २०२१ रोजी लंडनमध्ये युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या तीन तरुण खेळाडूंच्या पेनल्टी हुकल्या. तिघेही कृष्णवर्णीय. रात्र संपण्यापूर्वी त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला. जिंकले असते तर ते 'आपले' होते. हरताच ते 'परके' झाले. मँचेस्टरमधील विदिंग्टन भागात मार्कस रॅशफर्ड या त्यांपैकी एका खेळाडूचे भिंतीवर रंगवलेले चित्र कोणीतरी विद्रूप केले. दुसऱ्या दिवसापासून परिसरातील लोक आले. मुलांनी हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या, हृदयाकृती कागद, छोटे झेंडे यांनी ती भिंत झाकून टाकली. सरकारचा आदेश निघण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

तेच मैदान

एल साल्वाडोर आणि होंडुरासच्या कथेलाही एक शेवट आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. नोव्हेंबर १९८१ मध्ये, शांतता कराराला जेमतेम वर्ष होत असताना, १९८२ च्या विश्वचषकाची पात्रता स्पर्धा भरली ती तेगुसिगाल्पात. जिथे बारा वर्षांपूर्वी साल्वाडोरी खेळाडूंच्या खिडक्यांवर दगड आले होते, त्याच शहरात. सहा संघांमधून दोघांना प्रवेश मिळणार होता. यजमान होंडुरासने आपली जागा आधीच नक्की केली होती. अखेरचा सामना होता होंडुरास आणि मेक्सिको यांचा. मेक्सिको जिंकला असता, तर दुसरी जागा बलाढ्य मेक्सिकोची होती आणि एल साल्वाडोर घरी गेला असता. होंडुरासला त्या सामन्यातून स्वतःसाठी काहीच मिळवायचे नव्हते. सैल खेळून जुन्या शेजाऱ्याचे नुकसान करणे अगदी सोपे होते. कोणी बोटही दाखवले नसते. होंडुरासचे खेळाडू मन लावून खेळले. सामना बरोबरीत सुटला. त्यामुळे होंडुरासच्या पाठोपाठ एल साल्वाडोरही स्पेनला गेला, तेही देशात यादवी युद्ध चालू असताना.

त्या बरोबरीने सीमेचा तंटा मिटला नाही, की मेलेली माणसे परत आली नाहीत. होंडुरासचे खेळाडू त्या दिवशी शेजारधर्म पाळायला उतरले होते असेही नाही. ते आपला खेळ प्रामाणिकपणे खेळले, एवढेच. परंतु प्रामाणिकपणे केलेल्या कामाचा लाभ कधी कधी ज्याच्याशी वैर होते त्याच्याही पदरात पडतो आणि वैराची धार तेवढी कमी होते.

पुढच्या विश्वचषकात मुले पुन्हा रात्री जागतील, झेंडे रंगवतील, आरडाओरडा करतील. तो करू द्यावा. हरलेल्या संघाविषयी घरात जेव्हा 'ते लोक असलेच' हे वाक्य ऐकू येईल, तेव्हा मात्र मोठ्यांनी दूरचित्रवाणीचा आवाज क्षणभर कमी करावा आणि मुलांना तेगुसिगाल्पातील त्या दुकानदाराची गोष्ट सांगावी, ज्याच्या दुकानाच्या फळ्या त्याच्या रोजच्या गिऱ्हाइकांनी फोडल्या. त्याने एकही गोल केला नव्हता.